रुग्णसेवा आणि तारतम्य

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे मंदिराच्या पायाचा दगड कोणीं बसविला, घंटा कोठून आली, वेदीसाठीं कोणीं किती देणगी दिली याचा इतिहास लिहिला जातो, आणि तो लिहिला जावा हें योग्यच आहे. परंतु वाचकहो, प्रत्येक धर्मग्रामाचा आणखी एक इतिहास असतो व तो बहुधा कोणी लिहीत नाहीं. रात्रीं कोणाच्या घरीं दिवा जळत राहिला, आजाऱ्याच्या उशाशीं कोण बसलें, औषधाची वाटी कोणीं धरिली, या गोष्टी कोणत्याच नोंदवहींत सांपडत नाहींत. आमच्या कुटुंबांतून कितीतरी कन्या परिचारिकेचा पेशा पत्करून इस्पितळांत गेल्या. त्यांचीं नांवें संगमरवरावर कोरलेलीं नाहींत. म्हणून या स्मरणिकेचीं चार पानें त्यांच्या कामाच्या एका अंगासाठीं आम्हीं मागून घेतलीं आहेत.

तें अंग कोणतें? शुश्रूषा म्हणजे दया, असें लोक समजतात. दया तर पाहिजेच. पण दया एका वेळीं एकाच खाटेपाशीं उभी राहूं शकते. खाटा तीस आणि हात दोन, असा प्रसंग जिच्यावर रोज येतो तिला दयेच्या जोडीला दुसरा एक गुण लागतो. आधीं कोणाकडे जावें, कोणास थांबावयास सांगावें, आणि ज्यास थांबावयास सांगितलें त्याचें पुढें काय करावें? या गुणाला आमच्या भाषेंत तारतम्य असें सुरेख नांव आहे. संस्कृतांत 'तर' आणि 'तम' हे प्रत्यय अधिक व सर्वांत अधिक असा अर्थ दाखवितात. त्यांवरूनच हा शब्द बनला. एकाची गरज अधिक कीं दुसऱ्याची, आणि सर्वांत अधिक कोणाची, हें ओळखण्याची कला रुग्णसेवेंत कशी आली त्याची हकीकत येथें सांगावयाची आहे. ती जितकी वैद्यांची आहे तितकीच धर्मभगिनींची व साध्या गृहिणींचीही आहे.

आरंभ फ्रान्स देशांतील एका धर्मग्रामापासून करूं. लियों शहराच्या उत्तरेस शातियों नांवाचें एक लहान गांव आहे. इ. स. १६१७ त तेथें व्हिन्सेंट डी पॉल नांवाचे धर्मगुरू आले. पुढें ख्रिस्तसभेनें ज्यांना संतपद दिलें तेच हे. पण त्या वेळीं ते पस्तिशी ओलांडलेले, फारसे कोणास ठाऊक नसलेले पाद्री होते, आणि त्या गांवीं त्यांचा मुक्कामही थोडे महिनेच झाला. ऑगस्ट महिन्यांतील एका रविवारीं मिस्सेसाठीं ते वस्त्रें चढवीत असतां कोणीं तरी सांगितलें कीं, गांवाबाहेरच्या एका घरांत सगळें कुटुंबच आजारी पडलें आहे आणि त्यांच्याकडे पाहणारें कोणी नाहीं. त्यांनीं प्रवचनांत ही गोष्ट लोकांच्या कानांवर घातली. सायंप्रार्थनेनंतर ते स्वतः त्या घराकडे निघाले, तों रस्त्यावर जणू जत्रा लोटलेली! बायका जात आहेत, बायका येत आहेत, ऊन फार म्हणून कांहीं वाटेच्या कडेला विसांवा घेत बसल्या आहेत. आणि आजाऱ्यांच्या घरीं अन्नाची रास पडली आहे.

दुसरा कोणी असता तर देवाचे आभार मानून समाधानानें परतला असता. व्हिन्सेंट यांस मात्र तेथें एक मोठी उणीव दिसली. आज इतकें अन्न जमलें कीं त्यांतलें बरेंचसें नासून जाणार, आणि परवां? परवां तेंच कुटुंब पुन्हां उपाशी. दया उदंड होती, तिला व्यवस्था नव्हती. थोड्याच दिवसांत त्यांनीं गांवांतील बायकांस एकत्र बोलाविलें, पाळीपाळीनें आजाऱ्यांची सेवा करण्याचे नियम त्यांच्यासाठीं लिहिले, आणि डिसेंबरांत त्या मंडळाची रीतसर स्थापना झाली.

हे नियम ज्यास पाहावयास मिळतील त्यानें अवश्य पाहावे. थोर संताच्या लेखणींतून उतरलेले असूनही त्यांत स्वयंपाकघराचा वास आहे. आजाऱ्यास किती मांस वाढावें, उपवासाच्या दिवशीं त्याऐवजीं काय द्यावें, अंथरुणावर रुमाल कसा पसरावा, आधीं त्याचे हात कसे धुवावे, मांसाचे तुकडे करून कसे द्यावे, आनंदी मुद्रेनें कसें बोलावें, हें सर्व त्यांत आहे. आणि त्यांतच आमच्या विषयाचा गाभा असलेला एक नियम आहे. सेवेस निघालेल्या बाईनें प्रथम अशा आजाऱ्याकडे जावें कीं ज्याच्याजवळ आपलें माणूस आहे. आणि जो अगदीं एकटा आहे त्याच्याकडे सर्वांत शेवटीं जावें, म्हणजे त्याच्यापाशीं तिला अधिक वेळ बसतां येईल.

हा नियम प्रथम वाचला तेव्हां आम्ही क्षणभर गोंधळलों. जो एकटा त्याच्याकडे आधीं जावयाचें, असें आपलें मन म्हणतें. परंतु घरोघर फिरलेल्या माणसास त्यांतलें मर्म चटकन् कळतें. एकट्याच्या घरीं आधीं गेलें कीं पुढच्या चार घरांची घाई पाय ओढूं लागते. भांडें ठेवलें, दोन शब्द बोललें आणि निघालें. शेवटीं गेलें म्हणजे घाई उरत नाहीं. येथें क्रम आणि मान या दोन गोष्टी व्हिन्सेंट यांनीं वेगळ्या केल्या. रांगेंत शेवटचा असलेला माणूस त्यांच्या हिशेबीं सर्वांत मोठ्या वाट्याचा धनी होता. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें रणांगणावर आपल्याला तीच पुन्हां भेटावयाची आहे.

इ. स. १६३३ त लुईज द मारियाक या विधवा बाईच्या साहाय्यानें व्हिन्सेंट यांनीं दयेच्या कन्यांचा संघ स्थापन केला. त्यांच्यापुढें लौकरच एक बिकट प्रश्न आला. प्रार्थनेची घंटा झाली आणि त्याच वेळीं आजाऱ्यानें हांक मारली तर काय करावें? मठाच्या शिस्तींत वाढलेल्या त्या काळाला हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. व्हिन्सेंट यांनीं उत्तर दिलें कीं, प्रार्थना सोडून आजाऱ्याकडे जावें. तें देवाला देवासाठींच सोडणें आहे. या उत्तरानें सेविकेच्या मनावरचें केवढें ओझें उतरलें असेल! निवड केल्यावर मागें राहिलेल्या गोष्टीची टोचणी ज्यांना सोसावी लागते त्यांनाच त्याची किंमत कळेल.

आतां डोळ्यांविषयीं. कोणाची गरज अधिक हें ठरविण्यापूर्वीं तें दिसावें लागतें. या बाबतींत रोम शहरांतील संत कामिल्लुस द लेल्लिस यांचें स्मरण केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. ते इ. स. १५५० त जन्मले. तरुणपणीं शिपाईगिरी केली, जुगारांत सर्वस्व घालविलें, पायाला कधीं बरी न होणारी जखम जडली, आणि ती घेऊन असाध्य रोग्यांच्या इस्पितळांत आले ते तेथेंच सेवक होऊन राहिले. पुढें धर्मगुरू झाल्यावर त्यांनीं आजाऱ्यांच्या सेवकांचा संघ काढला. त्यांचे चरित्रकार एक हकीकत सांगतात. त्या काळच्या इस्पितळांत कधीं कधीं धुगधुगी असलेलीं माणसेंच मेलेलीं समजून पुरावयास नेलीं जात. कामिल्लुस यांच्या हें ध्यानांत आल्यावर त्यांनीं आपल्या बांधवांस आज्ञा केली कीं, शेवटचा श्वास गेलासा वाटला तरी त्यानंतर निदान पाव तास मरणाऱ्यासाठींची प्रार्थना चालूं ठेवावी व त्याचें तोंड घाईनें झांकूं नये. प्रार्थना तर झालीच. पण त्या पाव तासांत चार डोळे त्या देहावर खिळून राहत हाही लाभ झाला. भक्ति आणि निरीक्षण यांची अशी सांगड आम्हांस दुसरीकडे क्वचितच आढळली आहे.

येथपर्यंत आपण गांवांत आणि इस्पितळांत होतों. तारतम्याची खरी कसोटी लागली ती लढाईच्या मैदानावर. कारण तेथें एका तासांत शेंकडों माणसें पडतात. पूर्वीं चाल अशी होती कीं, लढाई संपेपर्यंत जखमी जेथें पडला तेथेंच विव्हळत राहावयाचा, आणि उचलण्याची वेळ आली कीं हुद्देदारास आधीं उचलावयाचें. डॉमिनिक लारे नांवाच्या फ्रेंच शस्त्रवैद्यानें ही चाल मोडली. इ. स. १७९२ त त्यानें घोड्यांच्या हलक्या गाड्यांची योजना केली, म्हणजे लढाई चालूं असतांनाच जखमींना बाहेर काढतां यावें. पुढें नेपोलियनबरोबर रशियाच्या मोहिमेवर जाऊन आल्यावर त्यानें आपल्या आठवणींत स्पष्ट नियम लिहून ठेवला: ज्याची जखम सर्वांत धोक्याची त्याच्याकडे सर्वांत आधीं पाहावें, मग त्याचा हुद्दा कांहींही असो, ज्याची जखम हलकी त्यानें थांबावें. सेनापति आणि साधा शिपाई शस्त्रवैद्याच्या पुढें एका रांगेंत आले. पुढें फ्रेंच लोकांनीं या निवडीस 'त्रियाज' हा शब्द लाविला. मूळचा तो व्यापाऱ्यांचा, माल निवडून प्रतवारी लावण्याचा शब्द आहे. माणसांच्या बाबतींत तो थोडा कठोर वाटतो खरा. आमचा तारतम्य हा शब्द आम्हांस अधिक सोज्ज्वळ वाटतो.

लारे यांच्या नियमांत एक जागा मोकळी राहिली होती. ज्याची जखम इतकी धोक्याची कीं कोणत्याही शस्त्रवैद्याच्यानें तो वांचावयाचा नाहीं, त्याचें काय? हा प्रश्न क्रिमियाच्या युद्धांत उघडा पडला, आणि त्याचें उत्तर देण्यांत बायकांचा हात लागला.

त्या युद्धाच्या एका बाजूस इंग्रज व फ्रेंच, दुसऱ्या बाजूस रशियन. इंग्रजांच्या बाजूची फ्लॉरेन्स नाइटिंगेल सर्वांस ठाऊक आहे. ता. ४ नोव्हेंबर १८५४ रोजीं ती स्कुतारीच्या इस्पितळांत पोंचली तेव्हां तिच्याबरोबर ३८ सेविका होत्या. आणि वाचकांतील पुष्कळांस कदाचित् ठाऊक नसेल कीं त्यांतल्या दहा जणी कॅथॉलिक धर्मभगिनी होत्या. पांच जणी लंडनमधील बर्मंडसीच्या मर्सी मठांतून मदर मेरी क्लेअर मूर यांच्या नेतृत्वाखालीं आल्या होत्या, आणि पांच नॉरवुडच्या अनाथाश्रमांतून. दुसऱ्याच दिवशीं इंकरमनची लढाई झाली व जखमींनीं भरलेलीं जहाजें येऊं लागलीं. मदर क्लेअर यांच्यावर नाइटिंगेलची भिस्त अशी होती कीं, इ. स. १८५६ त त्या प्रकृतीमुळें परतल्यावर तिनें पत्र लिहून कळविलें: मुख्य अधिकाराच्या जागेस आपणच माझ्यापेक्षां कितीतरी अधिक योग्य होतां. प्रॉटेस्टंट पंथाच्या, तापट व मानी बाईनें हें लिहावें ही लहान गोष्ट नव्हे.

तरीपण सर्व गोडीगुलाबीचें होतें असेंही नाहीं. डॉक्टरांनीं बोलाविल्यावांचून आपल्या सेविकांस रुग्णांच्या दालनांत शिरूं द्यावयाचें नाहीं, असें नाइटिंगेलनें आरंभीं ठरविलें होतें. समोर माणसें तळमळत आहेत आणि सेविका दुसऱ्या खोलींत चादरी शिवीत आहेत, हें दृश्य कित्येकींस असह्य झालें. त्याच डिसेंबरांत आयर्लंडहून मदर फ्रान्सिस ब्रिजमन आपल्या भगिनींसह आल्या, आणि अधिकार कोणाचा यावरून त्यांचा व नाइटिंगेलचा जो वाद झाला तो शेवटपर्यंत मिटला नाहीं. आमच्या मतें दोघींच्याही बाजूस कांहीं सत्य होतें. डॉक्टरांचा विश्वास मिळविल्याखेरीज सेविकेच्या शब्दाला इस्पितळांत वजन येत नाहीं हें नाइटिंगेलनें ओळखलें होतें. आणि आयर्लंडच्या भगिनींना गरिबांच्या घरीं व कॉलऱ्याच्या साथींत शुश्रूषा करण्याचा जो अनुभव होता तो इंग्रज अधिकाऱ्यांनीं पुरता जाणला नाहीं. त्यांपैकीं दोन भगिनी क्रिमियाच्या मातींतच विसांवल्या. एक कॉलऱ्यानें, दुसरी टायफसनें.

स्कुतारीची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कारण ती तारतम्याच्या मुळाशीं जाते. इतक्या सेविका आल्या, रात्रंदिवस झटल्या, तरी फेब्रुवारी १८५५ त तेथील मरणाचें प्रमाण शेंकडा ४२ वर गेलें. मार्चांत सरकारनें आरोग्याची पाहणी करणारी मंडळी धाडली. त्यांनीं इमारतीखालचीं तुंबलेलीं गटारें मोकळीं केलीं, हवा व पाणी सुधारलें, आणि जूनपर्यंत तें प्रमाण शेंकडा २ वर आलें. युद्धानंतर नाइटिंगेलनें आंकडे तपासले तेव्हां आपण खाटेपाशीं बसलों असतां मरण खालच्या गटारांतून येत होतें, ही गोष्ट तिला कळून चुकली. तिनें ती लपविली नाहीं. पुढचें सारें आयुष्य त्या चुकीच्या दुरुस्तींत घातलें. 'आधीं कोणाकडे' या प्रश्नाचें उत्तर कधीं कधीं 'आधीं गटाराकडे' असें असतें.

आतां वेढ्याच्या आंत, सेवास्तोपोल शहरांत जाऊं. तेथें निकोलाय पिरोगॉव्ह हा रशियन शस्त्रवैद्य त्याच हिवाळ्यांत आला. त्याच्या पाठोपाठ ग्रँड डचेस एलेना पाव्हलोव्हना हिनें नुकत्याच स्थापन केलेल्या क्रूसाच्या उन्नयनाच्या संघांतील भगिनी आल्या. सरदारमंडळींच्या नाचगाण्याच्या भव्य दिवाणखान्यांत मलमपट्टीचें ठाणें मांडलेलें होतें. पिरोगॉव्हनें तेथें काय पाहिलें? जखमी एकावर एक आणून टाकलेले, आणि डॉक्टर कोणाकडे धांवत? जो मोठ्यानें ओरडेल त्याच्याकडे! जो निपचित पडला आहे, ज्याचें रक्त मुकाट्यानें वाहत आहे, तो तसाच राही. डॉक्टर कितीही असोत, व्यवस्था नसेल तर त्यांचा उपयोग नाहीं, असें पिरोगॉव्हचें मत झालें. त्यानें दारांतच जखमींची विभागणी करावयास आरंभ केला. ज्यांना तत्काळ शस्त्रक्रिया पाहिजे ते एकीकडे. ज्यांची उद्यांपर्यंत थांबूं शकते ते दुसरीकडे. केवळ पट्टी बांधून परत धाडण्यासारखे तिसरीकडे. आणि ज्यांच्या वांचण्याची आशा उरली नाहीं त्यांना तो भगिनींच्या व धर्मगुरूच्या स्वाधीन करी.

वाचकहो, येथें थोडें थांबा. ही शेवटची ओळ वरवर वाचली तर वाटेल कीं त्या माणसांना टाकून दिलें. परंतु शस्त्रवैद्याच्या रांगेंत जे शेवटचे ठरले त्यांच्यासाठीं माणूस नेमलेलें होतें. तहानेला पाणी, वेदनेवर औषध, आईला निरोप, हातांत क्रूस. पिरोगॉव्हनें भगिनींचीही विभागणी केली होती: कांहीं मलमपट्टीकडे, कांहीं औषधांकडे, कांहीं अन्नवस्त्राच्या कोठाराकडे, आणि कोठारांतील चोऱ्यांस या भगिनींनींच आळा घातला. शातियोंच्या त्या एकाकी आजाऱ्याची आठवण येथें कोणास होणार नाहीं? सव्वादोनशें वर्षांच्या अंतरानें, दुसऱ्या पंथांत आणि दुसऱ्या देशांत, तीच गोष्ट पुन्हां घडली. कापणाऱ्या हातांचा क्रम एक, आणि सांभाळणाऱ्या हातांचा क्रम दुसरा.

हीं झालीं दूरचीं युद्धें. आपल्या मुंबईवर शत्रू आला तो १८९६ सालीं, उंदरांच्या पायांनीं. मांडवी भागांतील रुग्णांस ताप आणि जांघेंत गांठ पाहून ही ग्रंथिक सन्निपाताची साथ आहे असें प्रथम ओळखलें तें डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोव्याच्या कॅथॉलिक डॉक्टरानें. तो दिवस २३ सप्टेंबर १८९६. साध्या तापांत असाधारण ताप ओळखणारा तो एक डोळा होता. त्या साथीच्या काळीं आमच्या वाडवडिलांनीं उभारलेले क्रूस मुंबईच्या गांवठाणांत अजून दिसतात. मुलांना ते दाखवितांना या डॉक्टराचेंही नांव सांगावें. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांनीं प्लेगच्या रुग्णांची सेवा केली. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यांत गेल्या आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं निवर्तल्या. सरकारनें त्या वेळीं रुग्णाच्या आधीं शहराचा विचार केला. तें सर्वस्वीं चुकीचें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. साथींत निरोग्यांचेंही रक्षण करावें लागतें. पण घरांत शिरून माणसें ओढून नेण्याच्या त्या रीतीनें लोक रुग्णांस लपवूं लागले. ज्याला थांबवावयाचें वा हलवावयाचें त्याचा विश्वास गेला कीं उत्तम तारतम्यही निष्फळ होतें.

आतां आजच्या इस्पितळांत येऊं. परिचारिका रात्रीं कामावर येते तेव्हां तिला समजा सहा रुग्ण सोंपविले. एक औषधाची वेळ टळली म्हणून रागावला आहे. दुसरा वेदनेनें ओरडत आहे. तिसऱ्याचे नातेवाईक दारांत उभे आहेत. चवथ्याची सलाईन संपत आली आहे. पांचवा झोपला आहे. सहावी एक म्हातारी, काल शस्त्रक्रिया झालेली, सायंकाळपर्यंत चांगली बोलत होती. आतां ती जरा भांबावल्यासारखी झाली आहे व चादरीशीं चाळा करीत आहे. ती कांहींच मागत नाहीं. अनुभवी परिचारिका प्रथम तिच्याकडे जाते. ओरडणारा निदान श्वास तरी नीट घेत आहे. एकाएकीं भांबावलेल्या माणसाच्या रक्तांत प्राणवायु कमी पडला असेल, किंवा जंतुदोष पसरत असेल. आधीं श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, आणि वेदना, औषधें, नातेवाईक हें सर्व त्यानंतर, असा तिचा क्रम असतो. ती घड्याळ धरून पुरता एक मिनिट श्वास मोजते. प्रौढ माणसाचे निवांतपणीं १२ ते २० असावयाचे. हा आंकडा वाढूं लागला कीं पुष्कळदां रक्तदाब ढळण्याच्या कितीतरी आधीं संकटाची सूचना मिळते. आणि गंमत अशी कीं, सर्वांत सोपें व बिनखर्चाचें हें मोजमाप सर्वांत अधिक वेळां टाळलें जातें.

नाइटिंगेलनें शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकांत रुग्णाच्या निरीक्षणास स्वतंत्र प्रकरण दिलें होतें. तोच धागा इंग्लंडांतील डॉक्टरांनीं १९९७ सालीं पुढें नेला व श्वास, नाडी इत्यादींना गुण देऊन धोका मोजण्याची पद्धति काढली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनें २०१२ त ती सर्व देशासाठीं एकसारखी केली, आणि २०१७ च्या सुधारणेंत नव्यानें आलेल्या भांबावलेपणास मोठ्या धोक्याचे गुण दिले. म्हणजे वरील म्हातारीची गोष्ट अनुभवी परिचारिका जी डोळ्यांनीं ओळखीत होती ती कागदावर आली. तथापि कागद सर्व सांगत नाहीं. अमेरिकेंतील पॅट्रिशिया बेनर या विदुषीनें १९८४ त दाखवून दिलें कीं, मुरलेल्या परिचारिकेस कांहींतरी बिघडत आहे हें पुष्कळदां आधीं जाणवतें आणि कारण मागाहून सांगतां येतें. नवशिकी नियमाला धरून चालते, मुरलेली रुग्णाला धरून चालते. दोघींचीही इस्पितळास गरज आहे. पण रात्रीच्या पाळीस दोघींची गांठ पडली नाहीं तर नवशिकीचे दिवस फार कठीण जातात.

एक कबुली देतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरांतील एक वृद्ध बाई पडून तिचें मनगट मोडलें. आम्ही तिला एका इस्पितळांत घेऊन गेलों. दोन तास बसलों. आमच्या मागून एक तरुण गृहस्थ आपल्या पायांनीं चालत आला, छातीवर हात ठेवून कांहीं पुटपुटला, आणि त्याला तत्काळ आंत नेलें. आमचा संताप अनावर झाला. कोणाची तरी ओळख असेल असें आम्ही बोलूनही गेलों. तेथील परिचारिकेनें उलट उत्तर केलें नाहीं. तिनें आधींच हात झोळींत बांधून दिला होता. त्या दोन तासांत दोनदां येऊन बोटें गरम आहेत ना, त्यांचा रंग पालटला नाहीं ना, तीं हलतात ना, हें ती पाहून गेली. त्या वेळीं आम्हांस तें उगीच येणेंजाणें वाटलें. मोडलेलें मनगट दोन तास थांबूं शकतें पण बोटांचें रक्त थांबलें तर थांबूं शकत नाहीं, आणि थांबविलेल्या रुग्णाकडे वारंवार परतून पाहणें हा निवडीचाच दुसरा अर्धा भाग आहे, हें पुष्कळ मागाहून कळलें. तो तरुण वांचला कीं नाहीं हें विचारण्याचें सौजन्यही आम्हीं दाखविलें नाहीं.

२०२०-२१ च्या साथीच्या दिवसांची आठवण वाचकांस आम्हीं करून द्यावयास नको. खाट एक आणि दारांत दहा, प्राणवायूचीं नळकांडीं मोजकीं; त्या वेळीं आमच्या ओळखीच्या कितीतरी परिचारिकांनीं मरणाऱ्याच्या कानाशीं दूरध्वनि धरून घरच्यांचा आवाज ऐकविला. कोणत्याही इस्पितळाच्या तक्त्यांत त्या पांच मिनिटांसाठीं रकाना नव्हता.

शेवटीं पुन्हां त्या शेवटच्या रांगेकडे. लंडनच्या पूर्व भागांत आयर्लंडच्या सिस्टर्स ऑफ चॅरिटी या संघानें १९०५ सालीं मरणोन्मुख गरिबांसाठीं सेंट जोसेफ्स हें आश्रयस्थान उघडलें. मोठ्या इस्पितळांनीं 'आतां कांहीं करण्यासारखें नाहीं' म्हणून सोडलेलीं माणसें तेथें येत. १९५८ सालीं सिसिली साँडर्स तेथें डॉक्टर म्हणून आल्या. त्या मूळच्या परिचारिका होत्या. त्या काळीं चाल अशी कीं, रुग्ण वेदनेनें कळवळून मागूं लागला म्हणजे मॉर्फिन द्यावयाचें. साँडर्स यांनीं घड्याळ लावून, वेदना परत येण्याच्या आधींच, नियमित औषध देण्यास आरंभ केला. भगिनींनीं तें रात्रंदिवस चुकूं दिलें नाहीं. रुग्ण शांत झाले, बोलूं लागले, कित्येकांची मात्रा वाढवावीही लागली नाहीं. सात वर्षांत हजाराहून अधिक रुग्णांच्या नोंदी साँडर्स यांनीं लिहून काढल्या, आणि त्या नोंदींच्या आधारावर १९६७ सालीं सेंट क्रिस्टोफर्सचें दार उघडलें. आज जगभर मरणोन्मुखांच्या सेवेचें जें शास्त्र शिकविलें जातें त्याचे पहिले धडे त्या भगिनींच्या दालनांत, कोणी न मागतां वेळेवर आणून दिलेल्या औषधाच्या पेल्यांतून मिळाले.